एका स्टिकरवर सारा युरोप? एक खुलासा
स्वित्झर्लंडचे टोल-स्टिकर घेतले की शेजारच्या देशांतही टोल लागत नाही, असा संदेश नागपुरातील परदेश सहलींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. तो चुकीचा आहे. ४० फ्रँकचे हे स्टिकर, म्हणजे ‘विन्येट’, फक्त स्विस महामार्गांपुरते असून ते नसल्यास २०० फ्रँक दंड होतो आणि शिवाय विन्येटही घ्यावेच लागते. ऑस्ट्रियाचे विन्येट स्वतंत्र आहे, आणि ते असले तरी ब्रेनर महामार्गावर निराळा टोल भरावा लागतो. इटलीत बहुतेक महामार्गांवर, आपल्या समृद्धी महामार्गाप्रमाणेच, अंतरानुसार आकारणी होते. प्रवेशाच्या वेळी मिळालेले तिकीट बाहेर पडेपर्यंत जपून ठेवावे, कारण ते हरवल्यास सर्वांत दूरच्या नाक्यापासूनचा टोल आकारला जातो. जर्मनीत खासगी मोटारींना महामार्ग टोल नाही; कदाचित अफवेचे मूळ तेच असावे.