प्रयोग, इतिहास आणि सुरक्षा : तीन तास नव्हे, एकच तास

रसायनशास्त्र शिकवताना तीन कप्पे केले जातात. सुरक्षेचे नियम वर्षाच्या पहिल्या तासाला वाचून दाखवायचे, प्रयोग जर्नल भरण्यापुरते उरकायचे, आणि लाव्हाझिए, बॉईल या जुन्या रसायनशास्त्रज्ञांची नावं पुस्तकातल्या चौकटीत राहू द्यायची. माझं स्पष्ट मत आहे की अशाने तिन्ही गोष्टी वाया जातात. एकच प्रयोग नीट केला तर तिन्ही त्यातच शिकवून होतात.

मॅग्नेशिअम तापवण्याचा नेहमीचा प्रयोग घ्या. मूस (पदार्थ तापवायची छोटी वाटी) झाकणासकट आधी जोरात तापवून थंड करायची, कारण तिच्यात ओलावा मुरलेला असतो. तो नंतर उडाला की वजनाचा हिशेब चुकतो. मॅग्नेशिअमची फीत पॉलिश पेपरने चकचकीत घासून 0.24 ग्रॅम घ्यायची, सैलसर गुंडाळून मुशीत ठेवायची आणि झाकण लावून तापवायची. मधून मधून चिमट्याने झाकण किंचित उचलून हवा आत जाऊ द्यायची आणि लगेच बंद करायचं. शेवटी मूस पूर्ण गार झाल्यावर वजन करायचं. पुन्हा तापवून, गार करून वजन बदलत नाही ना हे पाहायचं.

हिशेबाने 0.24 ग्रॅम मॅग्नेशिअमला 0.16 ग्रॅम ऑक्सिजन जोडला जाऊन 0.40 ग्रॅम ऑक्साइड मिळायला हवं. बरेचदा 0.36 च्या आसपासच मिळतं. इथे मुलं जर्नलमध्ये गुपचूप 0.40 लिहितात आणि शिक्षक बरोबरची खूण करतात. प्रयोगाचा जीव नेमका इथेच जातो! ते 0.04 ग्रॅम कुठे गेले, हाच खरा धडा आहे. झाकण जास्त उचललं असेल तर जो पांढरा धूर बाहेर गेला, तो ऑक्साइडच होता. मूस गरम असतानाच तराजूवर ठेवली असेल तर वर चढणारी गरम हवा पारड्याला उचलते आणि वजन कमी दिसतं. शिवाय थोडं मॅग्नेशिअम हवेतल्या नायट्रोजनशीही संयोग पावतं. सगळं मॅग्नेशिअम नायट्राइड झालं असतं तर वजन 0.16 ऐवजी सुमारे 0.09 ग्रॅमनेच वाढलं असतं. यावर उपाय सोपा आहे : गार झालेल्या मुशीत पाण्याचे दोन-तीन थेंब टाका, ओला लाल लिटमस कागद वर धरा. तो निळा झाला तर अमोनिया निघतोय, म्हणजे नायट्राइड होतं. मग पुन्हा, आधी हलक्या आणि नंतर मोठ्या आचेवर तापवा. उरतं ते ऑक्साइड.

आता इतिहास. धातू तापवला की वजन वाढतं, हे रॉबर्ट बॉईललाही दिसलं होतं. बंद काचपात्रात कथिल तापवून त्याने ते पाहिलं, पण वजन केलं पात्र उघडल्यानंतर. त्यामुळे 1673 मध्ये त्याने निष्कर्ष मांडला की अग्नीचे कण काचेतून आत शिरतात. 1774 मध्ये लाव्हाझिएने तसाच प्रयोग केला, पण पात्र उघडण्याआधीही वजन केलं. फरक शून्य! उघडल्यावर हवा आत शिरली आणि मग वजन वाढलं. तराजू दोघांकडे होता, पण वजन कधी करायचं यावर सगळं ठरलं.

हे वर्गात आगीशिवाय करता येतं. 250 मिलीच्या शंकुपात्रात मिठाच्या पाण्यात भिजवून निथळलेली लोखंडी लोकर भरपूर ठेवा (तेलाचा लेप असेल तर आधी साबणाने धुवा), रबरी बूच घट्ट बसवून वजन करा आणि काही दिवस गंजू द्या. पुन्हा वजन करा : तेवढंच. आता बूच काढा. हवा आत शिरते, कधी फुस्स असा आवाजही येतो, आणि वजन वाढतं. पात्रातला सगळा ऑक्सिजन संपला असेल तर ही वाढ साधारण 0.06 ग्रॅम असते, म्हणून 0.01 ग्रॅम दाखवणारा तराजू हवाच. काहीच फरक दिसला नाही तर बहुधा बूच गळकं असतं. तडा गेलेलं पात्र मात्र वापरू नका. आतला दाब कमी होतो, आणि तडा असला की तेवढं काच फुटायला पुरतं.

सुरक्षेचंही हेच. ‘मॅग्नेशिअमला आग लागली तर पाणी मारू नका’ हे पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे? तापलेलं मॅग्नेशिअम पाण्यातून हायड्रोजन मोकळा करतं. कार्बन डायऑक्साइडमध्येही ते जळत राहतं आणि काळा कार्बन मागे उरतो, म्हणून त्या वायूचं अग्निशामकही उपयोगाचं नाही. कोरड्या वाळूची बादली का ठेवायची, याचं उत्तर समीकरणातच आहे. ज्योतीकडे थेट पाहू नका, कारण त्या उजेडात अतिनील किरणंही असतात.

आम्ल विरल करण्याचं पाहा. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या सुमारे 1.84 पट. त्यावर पाणी ओतलं की ते वरच तरंगतं, सगळी उष्णता त्या पातळ थरात निघते, पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि आम्लाचे शिंतोडे उडतात. शिक्षकाने स्वतः, गॉगल आणि हातमोजे घालून, 50 मिली गार पाण्यात 5 मिली आम्ल काचकांडीवरून हळूहळू सोडावं आणि मुलांना तापमापक वाचायला लावावा. तापमान साधारण 25 अंशांनी चढतं. हा आकडा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला ‘आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको’ हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

पण इतिहासातला प्रत्येक प्रयोग पुन्हा करायचा नसतो, हेही ठणकावून सांगायला हवं. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टलीने 1774 च्या 1 ऑगस्टला भिंगाने उन्हाचा झोत पाऱ्याच्या तांबड्या ऑक्साइडवर पाडून ऑक्सिजन मिळवला. हा प्रयोग फळ्यावरच राहू द्या. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही, आणि ती विषारी आहे. ऑक्सिजन हवा असेल तर 6 टक्क्यांचं 10 मिली हायड्रोजन पेरॉक्साइड आणि चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड पुरे. त्यातून जवळपास 200 मिली वायू निघतो, म्हणून वायू जाण्याची नळी मोकळी आहे ना हे आधी पाहा, आणि भांडं कधीही बंद करू नका.