‘सहा महिन्यांत सायबर वकील’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

निकालांचे दिवस आले की एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘एलएलबीत वर्षं कशाला घालवता? सहा महिन्यांचा सायबर लॉ डिप्लोमा करा, सायबर वकील व्हा. वाचायचा एकच कायदा, आयटी अ‍ॅक्ट. कॉम्प्युटर इंजिनीअरांना प्राधान्य, बाकीच्यांना जमणार नाही. पोलिसांत थेट नोकरी. करिअर हमखास.’

मी वकिली करते आणि हा विषय शिकवतेही. मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेकदा फी भरून झाल्यावर. निदान काहीजण तरी आधी वाचतील, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘डिप्लोमा करा, वकील व्हा.’ हे सरळसरळ खोटं आहे. भारतात वकिली कोणी करायची हे १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने ठरवलंय. बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची, बार कौन्सिलने (वकिलांच्या नियामक संस्थेने) मान्य केलेली कायद्याची पदवी हवी. मग राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी, त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, एकच असते, सायबरसाठी वेगळी सनद नाही. डिप्लोमाच्या जोरावर कोर्टात कुणाचं वकीलपत्र दाखल करता येणार नाही. डिप्लोमा टाकाऊ आहे, असं मात्र मी म्हणत नाही. बंगळूरची नॅशनल लॉ स्कूल आणि हैदराबादची नालसार ही विद्यापीठं या विषयात पदवीनंतरचे डिप्लोमा देतात. सनद असलेला वकील, बँकेतल्या फसवणूक विभागातला अधिकारी, आयटी ऑडिटर, कंपनी सेक्रेटरी, तपास अधिकारी या सगळ्यांना तो उपयोगी पडतो. हातात आधीच एक पेशा असेल तर डिप्लोमा त्याला धार लावतो, पण पेशा देत नाही.

‘एकच कायदा वाचायचा.’ या वाक्याने मुलांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, म्हणजेच आयटी अ‍ॅक्ट, १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला आणि २००८मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. याच दुरुस्तीतून आलेलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरीही त्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जातच होते, आणि २०२१मध्ये न्यायालयाला त्याबद्दल धक्का व्यक्त करावा लागला. कायद्याचं पुस्तक एकदा पाठ करून थांबलं की काय होतं, ते यावरून कळावं.

आता रोजचं एक प्रकरण घ्या. बँकेतून बोलतोय असं सांगून कुणीतरी ओटीपी काढून घेतला आणि पैसे चार खात्यांत फिरवले. ओळख चोरल्याबद्दल आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६क, तोतयेगिरीबद्दल ६६ड. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ३१८. तपास कसा व्हावा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता सांगते. नुकसान बँकेने सोसायचं की ग्राहकाने, यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्यात चूक तिसऱ्याच कुणाची होती की ग्राहकाने स्वतः ओटीपी दिला, यावर उत्तर बदलतं. भरपाईसाठी आयटी अ‍ॅक्टच्याच कलम ४६खाली निर्णय अधिकाऱ्याकडे ५ कोटी रुपयांपर्यंतचा दावा करता येतो. एका फोनकॉलमध्ये एवढे कायदे आले, आणि पुराव्याचा तर अजून उल्लेखही झालेला नाही.

माझ्या मते पुरावा हा या विषयाचा अर्धा भाग आहे. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिला गेला का, हा वाद होता, आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आलं. त्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं, प्रमाणपत्र नव्हतं. मागूनही ते अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. १४ जुलै २०२०च्या निकालात न्यायालयाने प्रमाणपत्र बंधनकारकच ठरवलं. पण पक्षकाराने आपल्या परीने सगळे प्रयत्न केले आणि ते मिळणं त्याच्या हातात नसेल, तर त्याची अडवणूक होऊ नये, असंही म्हटलं. इथे कुणी हॅकर नव्हता की पासवर्ड फोडला नव्हता, तरीही सायबर कायद्याच्या विद्यार्थ्याने पहिल्यांदा वाचावा असा हा निकाल आहे. १ जुलै २०२४पासून ६५बची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने घेतली. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा जणू डिजिटल अंगठ्याचा ठसा, नमूद करावी लागते. नुसता स्क्रीनशॉट जोडून आलेली प्रकरणं पाहिली की मला आजही वाईट वाटतं. अन्याय खरा असतो, पण पुरावा टिकत नाही.

‘इंजिनीअरांनाच जमतं.’ नाही. प्रोग्राम लिहिता यायची गरज नाही, यंत्रणा कशी चालते ते समजायला हवं. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) एका वेळी अनेक ग्राहक वापरतात, म्हणून नुसता आयपी मागून माणूस सापडत नाही. पोर्ट नंबर (त्या पत्त्यावरचं नेमकं कनेक्शन सांगणारा आकडा) आणि नेमकी वेळही लागते. परदेशी सर्व्हरची नोंद जागतिक वेळेत असेल तर ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. हा फरक विसरला तर भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहू शकतात. कला शाखेतली मुलगीही हे शिकू शकते, अट एवढीच की तिला बारकाव्यांचा कंटाळा नसावा.

‘पोलिसांत थेट नोकरी.’ पोलीस भरती तिच्या स्वतःच्या परीक्षांनी होते. आयटी अ‍ॅक्टखालच्या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असं कलम ७८ सांगतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा रस्ता विज्ञानाच्या पदवीतून जातो.

या मेसेजमध्ये नसलेल्या वाटा मात्र भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच फौजदारी नाहीत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो, आणि सरकारने महत्त्वाच्या ठरवलेल्या डेटाधारक संस्थांना भारतातच डेटा संरक्षण अधिकारी नेमावा लागेल. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत कळवायची आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर काय कळवायचं नि काय नाही, हे सांगणारा माणूस कंपनीला लागतो. आयटी अ‍ॅक्टखालच्या २०२१च्या नियमांनी समाजमाध्यमांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले. शिवाय सॉफ्टवेअरचे करार, डोमेन नावांचे वाद, युरोपीय ग्राहक असलेल्या कंपन्यांसाठी जीडीपीआरची (युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याची) पूर्तता. यातल्या काही कामांना सनद लागत नाही. पण ज्या कायद्यावर मत द्यायचं तो नीट समजलेला असावा लागतो, आणि तो सहा महिन्यांत समजत नाही.

‘हमखास.’ कोर्टातली पहिली वर्षं ज्येष्ठांच्या हाताखाली, अगदी थोड्या पैशांत जातात. सायबरवाल्यांचीही तशीच जातात.

कुठेही फी भरण्याआधी अभ्यासक्रम मागून घ्या आणि त्यात साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ शोधा. अजून भारतीय दंड संहितेचं ४२०च शिकवत असतील, तर तो अभ्यासक्रम जुलै २०२४च्या आधीच थांबलाय. मग एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं, आणि ते नेमकं कोण मान्य करतं?’ उत्तर लेखी मागा. ‘प्लेसमेंटची काळजी करू नका’ एवढंच ऐकवलं, तर तिथून उठा.