कोंबडीच्या घशात तेल ओतू नका

"गावरान कोंबडी घुरघुरतेय? डॉक्टरवर पैसे घालवू नका. सात घरगुती उपाय, एका रात्रीत गुण." हा मेसेज पावसाळ्यापासून फिरतोय. बचत गटांच्या ग्रुपवर, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, आणि आता तो माझ्या आत्याच्या फोनवरही पोचला. आत्या चिपळूण तालुक्यात राहते आणि परसात कोंबड्या पाळते. तिने मला फोन करून विचारलं, "कापूर किती जाळायचा रे, एक वडी की दोन?" मग मात्र राहवलं नाही.

मेसेज ज्यांच्याकडे अजून आला नाही त्यांच्यासाठी हे सात उपाय. एक, लसूण ठेचून कोमट खोबरेल तेलात घाला आणि चोच उघडून दोन चमचे पाजा. दोन, पंखाचं पीस तेलात बुडवून नाकपुडीत खोचून ठेवा. तीन, कोंबडी डालग्याखाली झाका, वर गोणपाट टाका आणि आत कापूर-ओव्याची धुरी द्या. चार, मेडिकलमधून सर्दीची अँटिबायोटिक गोळी आणून अर्धी भरवा. पाच, दाण्यात हळद-आलं घाला. सहा, लस टोचू नका, गावरान जात मुळातच काटक असते, लसी म्हणजे कंपन्यांचा धंदा. सात, इतकं करूनही गुण आला नाही तर मरायच्या आधी कापून खा, नुकसान कशाला?

आधी तेल, कारण सगळ्यात मोठा घात तिथे आहे.

कोंबडी पाणी कशी पिते ते एकदा परसात उभं राहून बघा. चोच बुडवते, घोट घेते आणि मान वर करून तो घशात उतरू देते. आपल्यासारखा मऊ टाळू तिला नसतो. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे, उघड्यावरच असतं. चोच उघडून पाहिलं तर एक फट उघडझाप करताना साध्या डोळ्यांना दिसते. धडधाकट कोंबडी घोट गिळताना ती फट मिटून घेते. पण जी कोंबडी चोच वासून, मान ताणून श्वास ओढतेय, तिला ती फट मिटायला उसंतच नसते. अशा कोंबडीची मान मागे धरून, चोच फाकवून तेल ओतलं तर ते कुठे जाणार?

आणि किती, तर दोन चमचे! आपली गावरान कोंबडी दीड किलोच्या आसपास भरते. साठ किलोच्या माणसाच्या हिशेबात दोन छोटे चमचे म्हणजे चारशे मिलिलिटर तेल झालं. धाप लागलेल्या माणसाला झोपवून त्याच्या तोंडात कोणी इतकं तेल ओतलं तर आपण पोलिसांना बोलावू.

एकदा आत गेलेलं तेल खोकून बाहेर काढायची सोय कोंबडीकडे नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये आपल्याला असतो तसा स्नायूचा पडदा पक्ष्यांना नसतो. त्यांची फुप्फुसं छोटी, जवळजवळ न फुगणारी आणि बरगड्यांना चिकटलेली. हवा खेळवायचं काम करतात ते वायुकोश, अंगभर पसरलेल्या पातळ पिशव्या. कोंबडीला असे नऊ असतात. या पिशव्यांना रक्तपुरवठा अगदी तुटपुंजा, त्यामुळे तिथे घाण साचली की औषधही नीट पोचत नाही. म्हणजे मुळात सर्दी असलेल्या पक्ष्याला आपण आपल्या हाताने न्यूमोनिया दिला. कोंबडी धरतानाही हे लक्षात ठेवा. छातीचं हाड वरखाली होऊन ती श्वास घेते. उपचाराच्या नावाखाली दोघांनी मिळून छाती आवळून धरली तर तेवढ्यानेही ती गुदमरते.

"आमच्याकडे दिलं होतं, सकाळी घुरघुर थांबली" हे यावरचं ठरलेलं उत्तर. थांबली असेल. साध्या सर्दीची कोंबडी काही न करताही दोन-तीन आठवड्यांत सावरते, आणि त्याचं श्रेय आदल्या रात्रीच्या तेलाला मिळतं. शिवाय गप्प झालेली कोंबडी बरी झाली असं धरून चालू नये. अंगातलं त्राण गेलं की आवाजही जातो. ज्यांच्या कोंबड्या तेल पाजल्यावर मेल्या, त्यांनी "रोगच वाईट होता" म्हटलं आणि गप्प बसले. त्यांचे मेसेज फिरत नाहीत.

पाणी पाजायचंच असेल तर भांडं तोंडासमोर ठेवा. स्वतःहून पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, तो ती आपणहून गिळेल, मगच पुढचा. किंचित गुळाचं पाणी चालेल. दाणा टाळत असेल तर मऊ भात, भिजवलेला भरडा. गळ्याखालची दाण्याची पिशवी रात्री चाचपून बघा, म्हणजे दिवसभरात पोटात काही गेलं की नाही ते कळतं.

पिसाबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही. सुजलेल्या नाकपुडीत तेलकट पीस खोचलं तर आहे ती वाटही बंद होते, आणि तेच पीस दुसऱ्या कोंबडीला वापरलं तर रोगही पोचता होतो. नाकावरचा सुकलेला शेंबूड काढायला हवा इतपत खरं आहे. त्याला उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी आणि कापूस पुरतो. बाहेरून पुसायचं, डोळ्यांवरची चिकटही तशीच. दर कोंबडीला नवा कापूस.

आता आत्याचा कापूर. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते, श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही. त्यामुळे हवेतला प्राणवायू त्यांना आपल्यापेक्षा चांगला मिळतो आणि हवेतलं विषही तितक्याच पटकन भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी नेत, तेही थेट १९८६ पर्यंत, ते याचसाठी. माणसाला काही जाणवायच्या आत पक्षी कोसळायचा. शहरात ज्यांनी घरी पोपट किंवा लव्हबर्ड पाळलेत त्यांना विचारा, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतात. आणि इथे आपण आधीच श्वास कोंडलेल्या कोंबडीला गोणपाटाखाली कोंडून मुद्दाम धूर करायचा? एक वडी की दोन हा प्रश्नच नाही. शून्य. छातीला चोळायचे ते कापूर-निलगिरीचे बामही तिच्यापासून लांब ठेवा.

या उपायामागे एक अर्धवट बरोबर कल्पना आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. आजारी पक्ष्याला ऊब लागते. पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली कोंबडी गारठलेली असते. पण ऊब हवी तर धूर कशाला? इतर कोंबड्यांपासून लांब, वारा थेट लागणार नाही पण हवा खेळती राहील अशा जागी ठेवा. एका बाजूला साधा पिवळा बल्ब टांगा, दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे उकडलं तर ती स्वतः सरकेल. आणि पहाटे खुराड्यात वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. विष्ठा आणि ओलं तूस यांचा अमोनिया तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर निम्मा आजार तिथेच आहे. कोकणात पावसाळ्यात खाली टाकलेला पेंढा आणि तूस बुरशी धरतात, आणि ती बुरशी फुप्फुसात जाऊन होणारा रोग वेगळाच. त्याला कापूर चालत नाही आणि अँटिबायोटिकही चालत नाही. पेंढा बदला.

गोळ्यांकडे वळू. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात घुरघुर म्हणजे एकच रोग आहे. प्रत्यक्षात हे लक्षण आहे आणि त्यामागे निदान अर्धा डझन कारणं असू शकतात. डोळ्यांत फेस, शिंका, आठवडेच्या आठवडे रेंगाळणारी घरघर असेल तर बहुधा मायकोप्लाझ्मा, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात. तोंड सुजलं आणि नाकातून घाण वास मारणारा स्राव येत असेल तर कोरायझा. चोचीत, घशात पिवळट खपल्या दिसल्या तर देवीचा रोग असू शकतो. त्या नखाने ओरबाडून काढू नका, रक्त येतं आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. मान ताणून धापा, हिरवट पातळ विष्ठा आणि मागोमाग मान पिरगळणं, पाय लुळे पडणं असेल तर मानमोडी, म्हणजेच राणीखेत.

यातले सीआरडी आणि कोरायझा जिवाणूंचे, त्यांना अँटिबायोटिक लागू पडतं. देवी आणि मानमोडी विषाणूंच्या, तिथे गोळीचा उपयोग शून्य. फार तर मागून येणारा जिवाणूंचा संसर्ग अडतो, आणि तोही योग्य औषध असेल तर. जगभरचे पशुवैद्यक जे मर्क व्हेटर्नरी मॅन्युअल १९५५ पासून वापरतात, ते यावर स्पष्ट आहे. मायकोप्लाझ्माला टायलोसिन किंवा टेट्रासायक्लिन गटातली औषधं दिली की लक्षणं कमी होतात, प्रसार कमी होतो, पण संसर्ग मुळापासून जात नाही. बरी दिसणारी कोंबडी रोगवाहक राहते. कोरायझाचंही तेच. "एका रात्रीत गुण" या दाव्याचं काय करायचं ते यावरून ठरवा.

मायकोप्लाझ्मा अंड्यातून पिल्लात उतरतो हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणून सीआरडीतून उठलेल्या कोंबडीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. तिला जगवलंत, छान केलंत, आता तिची पैदास नको. बाजारातून नवीन तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आणली तर तीही आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. रोग बहुतेक वेळा आठवडी बाजारातून पिशवीत बसूनच घरी येतो.

अर्धी गोळी हा हिशेब कुठून आला, देव जाणे. मेडिकलवाल्याला कोंबडीचं वजन माहीत नाही, तुम्हाला रोग माहीत नाही, आणि अंडं मात्र दुसऱ्या दिवशी नातवाच्या ताटात. औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस अंडी खायची नसतात. किती दिवस, ते औषधावर ठरतं आणि ते डॉक्टर सांगतो. कोंबड्यांना सर्रास दिलं जाणारं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक केंद्र सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत बंद केलं, कारण माणसाच्या शेवटच्या आधाराचं औषध कोंबड्यांवर वाया चाललं होतं.

हळद-आलं घाला बापडे. दाण्यात चिमूटभर घातल्याने काही बिघडत नाही. त्याने मानमोडी बरी होत नाही, एवढंच.

सहावा मुद्दा वाचून मात्र डोकं फिरलं. गावरान कोंबडी काटक आहे, मान्य. ऊन-पाऊस सोसते, स्वतःचं अन्न शोधते, खुडूक बसून पिल्लं काढते. मानमोडीच्या विषाणूला यातल्या कशाशीच देणंघेणं नाही. लस नसलेल्या कळपात तीव्र साथ शिरली की शंभरातली शंभर जाऊ शकतात. गावागावांत "मर लागली, खुराडं रिकामं झालं" असं म्हणतात ते बहुतेक हेच. आणि ज्या लसीला कंपन्यांचा धंदा म्हटलंय, त्यातली मोठ्या पक्ष्यांना टोचायची आर-टू-बी स्वातंत्र्याच्या आधीच कुमाऊंमधल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झाली. महाराष्ट्रात पुण्याला औंधमध्ये सरकारी संस्थाच जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी बनवते. पिल्लू आठवड्याचं व्हायच्या सुमारास लासोटा या मानमोडीच्याच लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली आर-टू-बी. यात धंदा कुठला?

खरी अडचण वेगळी आहे आणि ती मेसेजवाल्याला ठाऊकच नाही. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते, बर्फात न्यावी लागते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोण फोडणार? यावर उपाय म्हणजे वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवायचा आणि दवाखान्यात आधी सांगून ठेवायचं. बचत गटाच्या ग्रुपवर फिरवायचाच असेल तर हा निरोप फिरवा. लस निरोगी कोंबडीलाच द्यायची असते, घुरघुरणारीला नाही. आणि टोचताना हात डोळ्यांना लावू नका, लसीचा विषाणू जिवंत असतो आणि माणसाचे डोळे येतात.

राहिलं सातवं, "मरायच्या आधी कापून खा". आजारी कोंबडीला बर्ड फ्लू असला तरी नीट शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, हे खरं. धोका ताटात नसून पाटावर आहे: आजारी कोंबडी धरताना, कापताना, पिसं उपटताना, आतडी काढताना. देशात कोंबड्यांमधला एच-फाइव्ह-एन-वन, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंब्यात सापडला. जानेवारी २०२५ मध्ये लातूरच्या उदगीरमध्ये कावळे मेले तेही यानेच, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या. इतका सगळा इतिहास घरच्या अंगणात असताना कोणी "कापून खा" लिहितो आणि लोक खाली हात जोडल्याची चित्रं टाकतात.

एक कोंबडी शिंकतेय तर तिला वेगळी करा आणि वर लिहिलंय तसं सांभाळा. दोन दिवसांत खाणं सुटलं किंवा चोच वासून श्वास सुरू झाला तर १९६२ या टोल फ्री नंबरवर फोन करा किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. पण एकाच वेळी तीन-चार पटापट मेल्या, तुरे काळेनिळे पडले, डोकं सुजलं, तर घरगुती काहीच करू नका. मेलेली उघडू नका, उरलेल्या बाजारात नेऊन विकू नका, ओढ्यात टाकू नका, मुलांना आणि मांजरांना लांब ठेवा आणि दवाखान्याला कळवा. मानमोडी आणि बर्ड फ्लू दोन्ही २००९ च्या केंद्रीय कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहेत. दवाखान्याच्या माणसांनी नमुना नेला की त्याचा निकाल येईपर्यंत खुराड्याचं दार बंद ठेवा, आणि त्या खुराड्यात वापरलेल्या चपला घालून दुसऱ्याच्या परसात जाऊ नका.