लोकोपयोगी सेवा म्हणजे युनियनबंदी नव्हे

वहिनी एका खासगी हॉस्पिटलात नर्स आहेत. काल त्यांनी वॉर्डच्या ग्रुपवर आलेला मेसेज मला पाठवला आणि खाली विचारलं, "भाऊजी, मागणीपत्रावरची सही मागे घेऊ का?" मेसेज असा: 'हॉस्पिटल ही लोकोपयोगी सेवा आहे. अशा सेवेत संपाला कायमची बंदी असते. युनियनमध्ये जाणं, मागणीपत्र देणं हासुद्धा गुन्हा. थेट अटक, नोकरी खलास, पगार शून्य.' खाली 'जनहितार्थ' असं लिहिलंय. यात जनहित कुठलं?

सगळ्यात विषारी वाक्य सहीचं आहे, म्हणून आधी तेच घेतो. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये आहे. संप करणं हा मात्र मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच सांगितलंय, आणि मेसेजवाले त्याच निकालाच्या आडून युनियनच गुन्हा ठरवतात. उलट, युनियनमध्ये गेलात तर कामावरून काढू अशी धमकी देणं हीच अनुचित कामगार प्रथा आहे. औद्योगिक संबंध संहिता या नव्या केंद्रीय कामगार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अगदी सुरुवातीला ते लिहिलंय. मागणीपत्र तर साधं निवेदन. ते देणं गुन्हा ठरवणारं कलम मेसेजवाल्यांनी दाखवावंच.

आता 'कायमची बंदी'. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात लोकोपयोगी सेवा होत्या, हे खरं. रेल्वे, टपाल, वीज, पाणी त्यात थेट येत. हॉस्पिटल, कोळसा, सिमेंट, बँका अशा अनुसूचीतल्या उद्योगांसाठी सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागे, तीही एका वेळी फार तर सहा महिन्यांची. म्हणजे 'कायमची' हा शब्द तिथेही खोटा. आणि अधिसूचना निघाली तरी संप बंद होत नसे, आधी नोटीस देणं सक्तीचं होई.

21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा जाऊन औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्या कलम 62 मध्ये नोटिशीची अट सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना लावलीय. नोटीस द्यायची, दिल्यापासून 14 दिवस थांबायचं, आणि संप नोटिशीपासून 60 दिवसांच्या आत. समेटाची बोलणी, म्हणजे सरकारी समेट अधिकाऱ्यापुढची तडजोडीची बोलणी, चालू असताना आणि ती संपल्यावर 7 दिवस संप करता येत नाही. ही अट जाचक आहे, हे मी मान्य करतो. समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की संप लांबतो, आणि बोलणी रेंगाळली की कामगारांचा दम तुटतो. पण नोटीस मिळाली की अधिकाऱ्याला बोलणी घ्यावीच लागतात. मालकाला टाळेबंदी करायची, म्हणजे काम बंद करून कामगारांना बाहेर ठेवायचं, तर त्यालाही हीच नोटीस, हेच 14 दिवस. बेकायदा टाळेबंदीला दंड 50 हजार ते 1 लाख, बेकायदा संपाला कामगाराला 1 हजार ते 10 हजार. तुरुंगवास दोघांनाही महिनाभरापर्यंत. मालकाची बाजू मेसेजमध्ये नेमकी गाळलीय.

पगाराचं अर्धं खरं. संप कायदेशीर आणि समर्थनीय असेल तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो, असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं. नोकरी मात्र मेसेजने जात नाही. आरोपपत्र लागतं, चौकशी लागते.

राहिली अटक. ही भीती मेस्मावरून, म्हणजे महाराष्ट्राच्या अत्यावश्यक सेवांच्या कायद्यावरून आलीय. मेस्मा वेगळा कायदा आहे, आणि त्याखाली संपाला बंदी घातली की पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पण त्यासाठी सरकारला आदेश काढावा लागतो, ठरावीक मुदतीचा. मार्च 2018 मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच सरकारने त्याला स्थगिती दिली. तेव्हा असा मेसेज आला की ग्रुपवरच विचारा: आदेश कुठला, तारीख कोणती, किती मुदतीचा? प्रत टाका.