गोधडी कोणी शिवायची?

परवा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुंपली. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दफ्तराविना कारागिरांकडे पाठवायचं म्हटलंय ना, त्यावर भाऊ म्हणाला, आपल्या आईलाच बोलवा की शाळेत, गोधडी शिकवेल. वहिनी उसळलीच, परत पोरींच्या हातात सुई का? तिचं खरंय, तिच्या शाळेत शिवणाच्या तासाला मुली वर्गात आणि मुलं ग्राउंडवर.

मी टोकियोत राहतो. इथे पाचवीत मुलगा असो की मुलगी, शिवणाची पेटी हातात येतेच, गाठ मारणं, धावदोरा, बटण लावणं सगळं शिकवतात, माझा मुलगा आता स्वतःचं बटण लावतो आणि मला चाळिशीतही येत नव्हतं. पण इथेही हे फार जुनं नाही बरं का, माध्यमिक शाळेत मुलगे-मुली दोघांना हा विषय सक्तीचा झाला तो 1993 पासून.

आणि शाळेत आलं म्हणजे आजीची कला टिकली असं अजिबात नाही. उत्तरेला त्सुगारू भागात शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती, म्हणून बायका तागासारख्या भरड कापडावर सुती दोऱ्याने टाके भरायच्या, ऊब यावी म्हणून. त्याला कोगिन म्हणतात. आज त्याचं किट मिळतं, छान पॅक केलेलं, छंद म्हणून.

गोधडीचंही तेच होईल असं वाटतं, कारण मुळात कापडच राहिलं नाही, धुऊन धुऊन विरलेलं सुती लुगडं आणायचं कुठून, पॉलिएस्टरच्या साड्या आत घातल्या की थर सरकतात आणि अंगावर घेतली की घाम फुटतो. दहा दिवसांत धावदोरा येईल, पण चार थर सुरकुती न पडता कसे धरायचे ते शेजारी बसूनच कळतं. मी आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकतोय तर निम्मा वेळ "आरं, मांडीवर घे की, टेबलावर न्हाय" यातच जातो.

भावाला मी एवढंच लिहिलं, आई चार घरं सोडून राहते, तू कधी बसलास तिच्या शेजारी? त्याने अंगठा टाकला आणि गप्प.

काल मुलाने शाळेत शिवलेली पिशवी आजीला दाखवली. आम्ही कौतुकाची वाट बघत होतो. आजीने चष्मा लावून निरखलं आणि म्हणाली, "टाकं लांब पडल्यात, उसव आन् परत घाल."