रोज दहा शब्द आणि 'अमेलियोरेट' झालेला एसी

चतुर्थीपासून फोंड्यातल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: रोज १० अवघड इंग्रजी शब्द पाठ करा, वर्षाला ३,६५० होतात. साधे शब्द टाळा, भारी शब्दांनी मुलाखतीत छाप पडते. आणि मराठी-कोकणी शाळेत शिकला असाल तर घरात ती भाषा बंद करा, नाहीतर शब्दसंग्रह वाढणार नाही. शेवटी, हा मेसेज ११ जणांना पाठवा. मी संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी तो हिशेब. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःची स्मृती तपासली आणि निष्कर्ष १८८५ मध्ये छापले. तासाभरात निम्म्याहून जास्त पाठांतर उडालं होतं. मेसेजसोबतच्या यादीतही ना वाक्य, ना प्रसंग. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. डोक्याच्या लेखी तेही अक्षरगटच. पाठांतराला माझा विरोध नाही, पाढे आपण तसेच शिकलो. पण शब्द उद्या, आठवड्याने, महिन्याने पुन्हा भेटावा लागतो. रोज नवे दहा आले तर जुन्यांची उजळणी कधी करायची?

शिवाय शब्द कुठले? शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार कादंबरी किंवा वर्तमानपत्र डिक्शनरीशिवाय वाचायला ८ ते ९ हजार शब्दकुळं लागतात. (डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे एकच कुळ.) यादीत मात्र पहिल्याच दिवशी 'डिफेनेस्ट्रेशन', म्हणजे खिडकीतून बाहेर फेकणे. कोणाला फेकायचंय?

छाप पडण्याचं म्हणाल तर माझा एक विद्यार्थी कळंगुटला हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो. पाहुण्याने एसीची तक्रार केली तर हा म्हणाला, "आय विल अमेलियोरेट युअर एसी, सर." पाहुणा क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "नो नो, जस्ट फिक्स इट." यादीत अर्थ 'सुधारणे' असाच दिलेला होता, पण अमेलियोरेट होते ती परिस्थिती, हाल, दुःख. यंत्र नव्हे. आपणही चहा कडक म्हणतो आणि पाऊस मुसळधार. उलटं करून बघा.

सगळ्यात जास्त खटकला तो घरातली भाषा बंद करण्याचा सल्ला. गोव्यातल्या पोराला तर हा चक्क तोट्याचा सौदा. इथल्या बोलीत पोर्तुगीजमधून आलेले लॅटिन कुळातले शब्द घरोघरी आहेत. कुजीन (स्वयंपाकघर) आणि इंग्रजी 'क्विझीन' (पाककला) एकाच चुलीचे. इस्कोल म्हणणाऱ्याला 'स्कोलॅस्टिक' परकं का वाटावं? फेस्त (चर्चचा सण) माहीत आहे, त्याला 'फेस्टिव्ह' पाठ करायला नको.

आणि कदेल, म्हणजे खुर्ची. खुर्चीला ग्रीकमध्ये 'काथेद्रा', तेच लॅटिनमध्ये गेलं, पोर्तुगीजमध्ये 'कादेइरा' झालं आणि आपल्या ओसरीवर कदेल होऊन बसलं. बिशपची खुर्ची जिथे, ते कॅथेड्रल. खुद्द इंग्रजी 'चेअर'ही त्याच घरातली, फ्रेंचमार्गे गेलेली. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधलं 'से'ही लॅटिन 'सेदेस'वरून, म्हणजे आसन. डॉक्टर ज्याला 'सेडेंटरी' म्हणून रागावतात ते बैठं आयुष्य त्याच धातूचं. एका कदेलीवरून एवढी मंडळी. घरातली बोली बंद केली तर ती कदेलच मोडायची.

मेसेज ११ जणांना पाठवायचा राहिला, तो राहू दे.

हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा तो रिसेप्शनवाला मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, मगे डिफेनेस्ट्रेशनांत आमचें जनेल खंय?" जनेल म्हणजे खिडकी. नाही त्यात. तो शब्द 'फेनेस्त्रा'चा, लॅटिन खिडकीचा. आपलं जनेल आलं दारावरून: दार म्हणजे 'यानुआ', छोटं दार ते पोर्तुगीज 'जानेला'. इंग्रजीत त्याच दाराशी जॅनिटर उभा आहे, मुळात द्वारपाल.

"आमगेर तो झाडू मारता," तो म्हणाला, आणि वहीत लिहून घेतलं.