विधान तुमचं, उत्तर तुमचं, मग पोरांनी करायचं काय?

डोकं सणकलंय, म्हणून लिहितोय. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा इतिहासलेखनावर आहे. रांके, मार्क्स, फुको, इतिहास कसा लिहावा हे सांगणारे सगळे विचारवंत आहेत. मूळ कागदपत्रं बघा, साधनं पारखून घ्या, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि त्यावर प्रश्न काय? 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण?' व्हॉल्टेअर लिहा, एक मार्क घ्या, पुढे चला. मग चुकीची जोडी ओळखा, संकल्पनाचित्र पूर्ण करा, टीप लिहा. नुसती घोकंपट्टी!

सगळ्यात जास्त संताप येतो तो 'सकारण स्पष्ट करा'चा. अहो, विधान तुम्हीच देणार, ते बरोबर हेही तुम्हीच ठरवणार, पोरांनी फक्त कारणं ओतायची. आठवीच्या एका मुलीने '१८५७ चा लढा हे स्वातंत्र्ययुद्ध होते' यावर लिहिलं, की शीख आणि गुरखा पलटणी इंग्रजांच्या बाजूने लढल्या, मद्रासची फौज बहुतांशी उठलीच नाही, म्हणून मला हे विधान पूर्ण पटत नाही. तेरा-चौदा वर्षांची पोर पुरावा देऊन असहमत होतेय! तपासणाऱ्याने लाल पेनाने आडवी रेघ मारली, बाजूला लिहिलं 'विषयाला सोडून', आणि मार्क शून्य. मी भांडलो, तर म्हणे, "सर, आदर्श उत्तरात हा मुद्दा नाही." पुढच्या परीक्षेत तिने गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. पैकीच्या पैकी मिळाले.

शिवरायांची जन्मतारीख घ्या. १९ फेब्रुवारी १६३० कुठलंही पोर सांगेल. पण बरीच वर्षं शके १५४९, म्हणजे १६२७ हे साल मानलं जायचं, ते बखरींच्या भरवशावर. मग टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, उजेडात आणली, तिच्यात शके १५५१, म्हणजे १६३० निघालं. पुढे तंजावरला मिळालेल्या शिवभारतातही, म्हणजे शिवरायांच्याच काळातल्या संस्कृत काव्यातही, तेच सापडलं. कुठलं साधन जवळच्या काळातलं, कोण कशासाठी लिहीत होतं, दोन स्वतंत्र साधनं जुळली की काय होतं, सगळं या एका तारखेत शिकवता येतं. वर्गात हे काढलं की पोरं ऐकतात हो, मागच्या बाकावरची सुद्धा. पण तेवढ्यात कुणीतरी विचारतंच, "सर, हे परीक्षेला आहे का?" त्यांचा काय दोष? आणि मुख्याध्यापकांना पोर्शन संपलेला हवा असतो.

बोर्डाच्या पेपरात उताऱ्याचा प्रश्न आहेच, चार मार्कांचा. आज त्यात उत्तर उताऱ्यातच असतं, शोधायचं आणि उतरवायचं. तिथे बखरीचा एक आणि शकावलीचा एक असे दोन न जुळणारे उतारे द्या ना! कुणावर विश्वास ठेवाल आणि का, एवढंच विचारा. एक मार्कही वाढवून मागत नाहीये कुणी. आणि तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तर देऊ नका, निकष द्या.